सरळ केलेलं देऊळ

निंबहाळच्या महादेवाचं तोंड आता बरोबर पूर्वेला आहे. होकायंत्र लावून पाहिलं तर अर्ध्या अंशाचाही फरक निघत नाही. लोहारा तालुक्यातल्या या गावात हे काम २०१४ साली झालं. ज्यांच्या सांगण्यावरून झालं ते गुरुसिद्धप्पा कलशेट्टी आज सत्तर वर्षांचे आहेत, आणि गेल्या वर्षापासून कुणी या देवळाचं कौतुक करायला लागलं की ते उठून जातात.

गुरुसिद्धप्पांनी भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षं मोजणी केली. भावाभावांतले बांध, ओढ्यानं खाल्लेल्या हद्दी, दगड हलवून ठेवणारे शेजारी, हे सगळं त्यांनी साखळीपासून ते मशीनपर्यंतच्या काळात पाहिलं. त्यांनी हद्द दाखवली की सहसा कुणी अपिलात जात नसे. मोजणी संपेपर्यंत ते कुठल्याच पक्षाच्या घरचा चहा घेत नसत. टिपण, म्हणजे जागेवर काढायचा कच्चा नकाशा, ते पेन्सिलीनं काढत आणि चुकलं तर खोडत नसत. चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ, बाजूला खरा आकडा, त्याखाली सही. कनिष्ठांना त्यांनी हेच शिकवलं.

घरी हा स्वभाव जड जाई. स्वयंपाकघरातला ओटा भिंतीशी काटकोनात नाही म्हणून त्यांनी तो दोनदा फोडला. त्यांच्या पत्नी सिद्धम्मा सांगतात, "लग्नात ह्यांनी मांडव बी मोजला. माझ्याकडं बघायचं सोडून खांब बघत हुते."

गावातलं जुनं देऊळ काळ्या दगडाचं आणि लहान होतं. शिखर कधीच पडलेलं. चार खांब, मान वाकवून जावं लागणारा दरवाजा, आत खोलगट गाभारा. १९८९ साली दोन रविवार घालवून गुरुसिद्धप्पांनी ते केवळ हौसेखातर मोजलं. जोत्याचा प्रत्येक थर, खांबाची जाडी, उंबऱ्याची उंची, सगळं टिपणात आलं. देवळाचं तोंड पूर्वेपासून सात अंश दक्षिणेकडे कललेलं निघालं. समासात त्यांनी एक शब्द लिहिला: दोष.

निवृत्त झाल्यावर ते देवस्थान समितीचे सचिव झाले. छत गळत होतं. अध्यक्ष वीरप्पा यांचं म्हणणं साधं होतं, वरून एक स्लॅब टाकू आणि मोकळं होऊ. बैठकीत गुरुसिद्धप्पांनी पंचवीस वर्षांपूर्वीचं टिपण उलगडून सतरंजीवर पसरलं आणि सांगितलं की स्लॅब टाकून भागणार नाही, देऊळ मुळातच तिरकं बसलेलं आहे. बांधणाऱ्याची आखणी चुकली होती. आता पैसा लावायचाच तर सरळ बांधावं.

ज्यांच्या शेताच्या हद्दी या माणसानं ठरवल्या होत्या, त्यांनी देवाच्या बाबतीतही त्याचा शब्द मानला. बोलले फक्त गोरोबा गुरव. त्यांच्या घराण्याकडे या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते मागे, दाराशी बसले होते.

"सायेब, ते तिरकं न्हाई," गोरोबा म्हणाले. "शिवरात्रीच्या आगंमागं सकाळचं ऊन आत येतंय. पिंडीपतुर. माझा बाप दावायचा. देऊळ हलवलं की ऊन चुकंल."

"ऊन काय हो गोरोबा," गुरुसिद्धप्पा म्हणाले, "माझ्या म्हशीच्या तोंडावर रोज येतंय. मग गोठ्याला कळस चढवू का?"

सतरंजी हसली. बायकांच्या बाजूलाही हसू गेलं. ठराव एकमतानं मंजूर झाला असं इतिवृत्तात आहे, आणि ते इतिवृत्त गुरुसिद्धप्पांच्याच अक्षरात आहे.

देऊळ अकरा दिवसांत उतरलं. घडीव दगड ओढ्याच्या संरक्षक भिंतीला लागले, बाकीचे नव्या सभामंडपाखाली भरावात गेले. पिंड विधिपूर्वक हलवून पुन्हा बसवली. नव्या मंडपाची आखणी गुरुसिद्धप्पांनी स्वतः चुना टाकून केली. चाळीस फूट लांब, फरशी, स्टीलचे कठडे. पाहणारे म्हणत, काम सरकारी माणसानं केल्यासारखं वाटत नाही.

त्यांचा मुलगा रुद्रेश चेन्नईत गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. २०२२च्या दिवाळीनंतर आईवडील त्याच्याकडे तीन महिने राहिले. सातव्या मजल्यावर गुरुसिद्धप्पांना करमेना. एका रविवारी मुलानं कांचीपुरमला नेलं, तर देवळाच्या जोत्याशी बसून त्यांनी खिशातला टेप काढला आणि रखवालदारानं त्यांना उठवलं. घरी आल्यावर रुद्रेशनं फोनवर एक ऑनलाइन मासिक उघडून दिलं. तमिळ इतिहास आणि मंदिरांचं स्थापत्य एवढ्याच विषयाला वाहिलेलं. नाव 'कर्पडी', म्हणजे दगडी पायरी.

"अप्पा, ह्यात मोजा काय मोजायचं ते," रुद्रेश म्हणाला.

मजकूर तमिळ आणि इंग्रजी. गुरुसिद्धप्पांचं इंग्रजी खात्यातल्या पत्रांपुरतं. फोनकडून मराठी करून घेतलं तर गाभाऱ्याची 'गर्भवतीची खोली' व्हायची. पण आराखड्यांना भाषा लागत नव्हती. जोत्याच्या एकेका थराला नाव होतं, गोल थर वेगळा, पट्टीचा वेगळा, वर झुकलेल्या कडेचा वेगळा. हे थर त्यांनी ओळखले. १९८९ साली निंबहाळच्या देवळात त्यांनी ते मोजले होते, फक्त नावं माहीत नव्हती. गावी परतल्यावरही ते रोज सकाळी पेपरच्या आधी कर्पडी उघडायचे.

२०२४च्या जानेवारीत त्यात एक लेख आला. संपादक तिलकवती यांनी स्वतः लिहिलेला. तमिळनाडूतल्या एका खेड्यातलं लहान देऊळ पूर्वेपासून नऊ अंश कललेलं. तिथल्या जाणत्यांनी ते बांधकामातली चूक म्हणून सोडून दिलं होतं. तिलकवतींनी वर्षभर तिथे फेऱ्या मारल्या. वर्षातल्या ठरावीक तीन सकाळी, तिथल्या उत्सवाच्या दिवसांत, ऊन दरवाजातून थेट गाभाऱ्यात जातं असं त्यांना दिसलं. लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं, फोननंही ते नीट मराठीत आणलं: मोजणाऱ्याला आधी बांधणाऱ्याची चूक दिसते, ती त्यानं सगळ्यात शेवटी तपासावी.

गुरुसिद्धप्पांनी ट्रंकेतून टिपण काढलं. सात अंश दक्षिणेला. सूर्य तिथे कधी उगवत असेल याचा त्यांनी कागदावर हिशेब केला. उत्तर आलं मार्चचा पहिला आठवडा. शिवरात्रीच्या आगेमागे.

कागदावर त्यांचा विश्वास बसला नाही, किंवा बसू नये असं वाटलं. तीन मार्चला सकाळी होकायंत्र घेऊन ते सभामंडपाच्या गच्चीवर गेले. जुन्या देवळाची मध्यरेषा त्यांनी टिपणावरून काढून ठेवली होती. सूर्य त्या रेषेवर उगवला. खाली मंडपात ऊन आलं ते तिरकं, उजवीकडच्या कठड्यावर. गाभाऱ्यात ट्यूबलाइट चालू होती. आत गोरोबा पूजा करत होते. गुरुसिद्धप्पा जिना उतरून चपला घालून सरळ घरी गेले.

इथे त्यांना थांबता आलं असतं. दहा वर्षांपूर्वी ज्या माणसाला हसले तो वीस पावलांवर होता. त्याऐवजी त्यांनी टिपणाचे फोटो काढले, रुद्रेशकडून इंग्रजीत पत्र तयार करून घेतलं आणि ते कर्पडीला पाठवलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. तिलकवतींनी लिहिलं होतं की इतकी काळजीपूर्वक केलेली मोजणी त्यांना शिकलेल्या वास्तुविशारदांकडूनही क्वचित मिळते. गुरुसिद्धप्पांनी हे वाक्य सिद्धम्मांना दोनदा वाचून दाखवलं. पुढे तीन प्रश्न होते. देऊळ आज उभं आहे का? नसेल तर पाडण्याचा निर्णय कुणाचा? आणि उन्हाची गोष्ट गावात कुणाला ठाऊक होती का?

ही उत्तरं त्यांनी रुद्रेशला न सांगता स्वतः लिहिली. पहिलं: देऊळ उभं नाही. दुसरं: गावकऱ्यांनी पाडलं. तिसऱ्याला दोन दिवस लागले. पुजाऱ्यासह कुणालाही याची कल्पना नव्हती, असं त्यांनी लिहिलं. तिन्हींतलं एकच खरं होतं.

मेमध्ये लेख प्रसिद्ध झाला. १९८९चं टिपण, त्यावरून तिकडे नव्यानं काढलेला आराखडा, आणि वर गुरुसिद्धप्पांचं नाव. त्यांनी तो 'समस्त निंबहाळकर' या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, आपल्या गावाचं नाव चेन्नईत पोचलं. वीरप्पांनी वर केलेला अंगठा टाकला. दुपारपर्यंत चाळीसेक हात जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गायत्रीबाई आल्या. त्या गोरोबांच्या सूनबाई, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. ओसरीत उभ्या राहून त्यांनी फोन पुढे केला.

"अप्पा, हे तुम्ही पूर्ण वाचलंय का?"

"वाचलं की."

"मग आराखड्याखालची ही ओळ वाचून दाखवा."

"बारीक हाय अक्षर. चष्मा…"

"चष्मा डोळ्यावरच आहे तुमच्या."

गायत्रीबाईंनी स्वतःच वाचलं, वर्गात वाचावं तसं सावकाश, मराठी करून. "स्थानिक पुजारी आणि ग्रामस्थ यांना या रचनेची कल्पना नव्हती, अज्ञानातून हे देऊळ नष्ट झालं." मग विचारलं, "पुजारी म्हणजे कोण? आमचे मामंजीच ना?"

"ते तिकडच्या लोकांनी लिहिलंय, बाई."

"त्यांना निंबहाळ कुठं आहे हे तरी माहीत होतं का? कुणीतरी सांगितलं असंल ना."

सिद्धम्मा आतून पाणी घेऊन आल्या होत्या. तांब्या हातातच राहिला. "गोरोबानं तर भर बैठकीत सांगितल्यालं," त्या म्हणाल्या. "मी हुते की. समदे हसले. मी बी हसले."

"मामंजी काही म्हणाले नाहीत," गायत्रीबाई म्हणाल्या. "त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं, आणि विचारलं, ह्यात माझं नाव हाय का? म्हटलं, नाव नाही. म्हणाले, मग असू दे." पाणी न घेता त्या गेल्या.

त्यानंतर गुरुसिद्धप्पांनी देवळाकडचा रस्ता सोडला. दुधाच्या डेअरीला जायचं तर मधून दोन मिनिटं लागतात, ते ओढ्याकडून वळसा घालू लागले. त्या वाटेवर संरक्षक भिंत आहे. भिंतीत जोत्याचा गोल थर तीन ठिकाणी उलटा बसवलेला दिसतो. त्या थराचं नाव आता त्यांना ठाऊक होतं. चार दिवसांनी त्यांनी दूध आणायचं काम सिद्धम्मांवर टाकलं.

मनात त्यांनी सबबी जुळवल्या. ठराव सगळ्यांचा होता. छत गळत होतं हे खरं होतं. गोरोबांनी पुरावा दिला नव्हता. यातली एकही सबब सिद्धम्मांपुढे तासभर टिकली नाही.

"पुरावा कसला द्यायचा त्यानं? सातबारा?" त्या म्हणाल्या. "साकु, पुरं आता. त्या बाईला लिहा. तुमच्या खात्यात चुकलं तर खोडत न्हाईत म्हणं, रेघ मारून सही करत्यात. करा की मग."

जूनमध्ये त्यांनी तिलकवतींना पत्र लिहिलं, मराठीत, आणि रुद्रेशला ते जसंच्या तसं इंग्रजीत करायला सांगितलं. रुद्रेशनं दोन ठिकाणी शब्द सौम्य केले होते. ते त्यांनी परत करून घेतले. देऊळ पाडावं असं मी सांगितलं. पुजारी गोरोबा गुरव यांनी उन्हाची गोष्ट बैठकीत सांगितली होती. मी त्यांची थट्टा केली. तुमच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं.

तिलकवतींचं उत्तर चार ओळींचं होतं. कौतुकाचा शब्द या वेळी नव्हता. दुरुस्ती छापू, पण त्याआधी पुजाऱ्यांना भेटून हे सांगा, कारण दुरुस्ती त्यांची आहे. त्यांची हरकत नसेल तर नाव छापू.

गुरुसिद्धप्पा गेले तेव्हा गोरोबा अंगणात बेल निवडत होते. तीन पानं अखंड असलेला बेल टोपलीत, किडका किंवा फाटका बाजूला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना चष्मा लागत नाही. गुरुसिद्धप्पांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. पत्राची प्रत वाचून दाखवली. गोरोबांचे हात चालूच होते.

"झालं?" वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं.

"झालं."

"ह्यातलं मला काय नवीन सांगितलं, सायेब? हे समदं मला म्हायती हाय. मी तिथंच बसलो हुतो की."

"मासिकवाल्या बाईंनी सांगितलं, तुम्हाला विचारून छापू म्हणून."

"छापा की. माझं नाव घाला, गोरोबा नामदेव गुरव." त्यांनी एक फाटका बेल बाजूला टाकला. "पर ते चेन्नईला छापणार. चेन्नईत कुणी मला हसलं न्हवतं. हसले हितं."

"मग मी काय करू म्हणता?"

"मी कशाला सांगू? तुमी मोजून बघा, कुठं काय कमी पडतंय ते."

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आरतीनंतर, मंडप भरलेला असताना, गुरुसिद्धप्पा उभे राहिले. शासकीय बैठकांत तासतास बोललेला हा माणूस दोन मिनिटं बोलला. जुनं देऊळ तिरकं नव्हतं. ते मुद्दाम तसं बांधलेलं होतं. गोरोबा बरोबर होते, मी चूक होतो, आणि चूक होतो हे कळल्यावर मी त्याचा दोष गोरोबांवर टाकला.

पुढच्या रांगेत बसलेले वीरप्पा अस्वस्थ झाले. "अप्पा, जुनं कशाला उकरता आता? देणगी देणारी माणसं हितं बसल्यात, त्यांना काय वाटंल?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग काय, आता ह्ये वाकडं करून घ्यायचं व्हय?"

मंडप हसला. दहा वर्षांपूर्वी हसला होता तसाच, त्याहून थोडा मोठ्यानं, कारण आता माणसं जास्त होती. गुरुसिद्धप्पा हसू थांबेपर्यंत उभे राहिले. मग त्यांना बसायला जागा दिसेना, कारण उभे राहिले तेव्हाच शेजारचा सरकून ऐसपैस बसला होता. ते कठड्याशी जाऊन टेकले. गोरोबा आरतीचं ताट घेऊन रांगेतून फिरत होते. गुरुसिद्धप्पांपुढेही त्यांनी ताट धरलं, इतरांपुढे धरलं तेवढाच वेळ.

दुरुस्ती ऑगस्टच्या अंकात आली, मूळ लेखाच्या अगदी वर. गोरोबांचं नाव पूर्ण. गायत्रीबाईंनी ती सासऱ्यांना वाचून दाखवली आणि छापून घेऊन घरात लावली. या वेळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती त्यांनीच टाकली. हात कुणी जोडले नाहीत.

सोबत तिलकवतींनी एक विनंती पाठवली. उजेडाच्या बाबतीत आता एकच माप उरलं आहे आणि ते फक्त पुजाऱ्यांकडे आहे. ऊन नक्की कुठवर यायचं, पिंडीच्या पायथ्याशी की माथ्यावर, किती वेळ, किती दिवस. हे नोंदलं गेलं तर आराखडा पूर्ण होईल.

वही आणि पेन्सिल घेऊन गुरुसिद्धप्पा पुन्हा गुरवाच्या अंगणात गेले. गोरोबांनी त्यांना बसायला पाट दिला, चहा सांगितला. प्रश्न नीट ऐकून घेतला.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "दिवस म्हायती हाय, घटका म्हायती हाय. बोट ठिवून दावला असता दगड. पर न्हाई सांगत."

"का, गोरोबा? मी तर सगळ्यांपुढं…"

"तुमी बोललात, ते चांगलं केलंत. राग न्हाई माझा." चहा आला. गोरोबांनी कप त्यांच्या हातात दिला. "पर मी सांगितलं तवा ते खोटं हुतं. आता तुमी वहीत लिवणार, मग ते खरं हुणार. मला ते नगं."

गुरुसिद्धप्पांनी चहा संपवला. वही कोरीच मिटली.

आज कर्पडीवर निंबहाळच्या जुन्या देवळाचा आराखडा पाहायला मिळतो. दरवाजातून आत जाणारी उन्हाची रेघ उंबऱ्यापर्यंत सलग आहे आणि तिथून पुढे तुटक. बाजूला टीप आहे: पुढील माहिती पुजाऱ्यांना आहे, त्यांनी ती देण्यास नकार दिला. एवढंच छापलं तर गोरोबा हट्टी वाटतील, असं गुरुसिद्धप्पांनी कळवलं आणि टिपेत आणखी एक वाक्य घालायला लावलं. ते त्यांनीच लिहून दिलं: विचारायला गेलेला माणूस तोच होता, ज्यानं पहिल्यांदा हे ऐकून घेतलं नव्हतं. त्याखाली त्यांचं नाव आहे.